फुफ्फुस हे भांडे आहे काय?

गेल्या शनिवारी माझा खलनायक सिंहासनावर बसल्या बसल्या बुडून मेला. जवळपास नदी नव्हती, विहीरही नव्हती. होती ती एका खेळाडूची पाणी निर्माण करणारी पहिल्या पातळीची स्पेल (मंत्र) आणि त्याला घरी न्यायला आलेले, या खेळाशी काडीचाही संबंध नसलेले त्याचे मामा.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या गोष्ट रचत फाशांनी खेळायच्या खेळात अंतिम निर्णय डंजन मास्टरचा, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणाऱ्या सूत्रधाराचा (इथे माझा) असतो, असे त्याच्यासाठी लिहिलेले पुस्तकच सांगते. १९७४ साली हा खेळ तीन पातळ पुस्तिकांत मावला होता. आजही मुख्य पुस्तके तीनच आहेत. मात्र प्रत्येक तीनशे पानांच्या वर आहे आणि ती वाचण्याची सक्ती फक्त माझ्यावर आहे.

चार महिने जोपासलेला माझा मांत्रिक आपले चार पानी भाषण करत होता. दुसरे पान संपता संपता भाच्याने हात वर केला. ही स्पेल उघड्या भांड्यात दहा गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लिटर, पाणी निर्माण करते. फुफ्फुस हेही एक भांडेच आहे. सबब पाणी तिथे. हा युक्तिवाद जुना आहे आणि माझे उत्तरही तयार होते. पुस्तकात भांड्यांचा तक्ता आहे. त्यात पिंप आहे, बादली आहे, पखाल आहे, अवयव एकही नाही. विषय तिथेच संपला असता. पण ज्यांची हयात दस्तऐवज तपासण्यात गेली, त्या मामांनी चष्मा पुसला.

“भांड्याची व्याख्या कोणत्या पानावर आहे?”

“व्याख्या नाही, मामा. तक्ता आहे.”

“तो परिपूर्ण आहे की उदाहरणादाखल?”

मी गप्प बसलो, ही माझी पहिली चूक.

“बरे, उघडे असण्याची अट तरी पूर्ण होते का, ते पाहू. तुमचे हे गृहस्थ त्या वेळी काय करत होते?”

“भाषण.”

“म्हणजे तोंड उघडे होते.”

तीन रात्री जागून लिहिलेले भाषण माझ्याच विरुद्ध पुरावा म्हणून दाखल झाले. माणसाच्या फुफ्फुसांत जेमतेम सहा लिटर मावतात, मग उरलेले बत्तीस लिटर कुठे जातील, असे मी विचारले. “नाकातून,” भाचा म्हणाला. “ते आनुषंगिक आहे,” मामांनी निकाल दिला.

खेळाच्या एका जुन्या आवृत्तीत स्पेलने फेकलेला अग्निगोळा ३३,००० घनफूट जागा भरून टाकत असे, त्यामुळे लहान खोलीत कोणी तो फेकला की सूत्रधाराला आधी खोलीचे घनफळ काढावे लागे. आता तो वीस फूट त्रिज्येचा सरळ गोल आहे, हे वाचून मी सुखावलो होतो. भूमितीचा तास संपला हे खरे. शरीरशास्त्राचा सुरू होईल, हे कोणी सांगितले नव्हते.

खरा राग मामांवर नाहीच. आठवडाभर मोबाइल हातात असताना ज्याला हा प्रश्न मला विचारावासा वाटला नाही, त्याला तो नेमका सगळ्यांनी श्वास रोखलेला असताना सुचावा, याचा आहे. त्याहून अधिक राग उरलेल्या चौघांचा आहे. खेळातली एक फेरी सहा सेकंदांची असते. आम्ही त्या सहा सेकंदांवर चाळीस मिनिटे वाद घातला आणि त्या अवधीत “जाऊ दे रे” एवढे तीन शब्द एकाच्याही तोंडून निघाले नाहीत. एक जण फाशांचा मनोरा रचत होता. तो पडला तेव्हा मात्र सगळे हळहळले.

अखेर, अशा वेळी करतात तेच मी केले: आत्ता तात्पुरता निर्णय, पुस्तक नंतर. मांत्रिकाने वीस बाजूंचा फासा टाकावा. आकडा पंधरा किंवा त्याहून अधिक आला तर तो खोकून वाचेल. मी सूत्रधारासमोर असतो त्या पडद्याआड फासा टाकला. तीन पडले. मी सतरा सांगणार होतो, आणि त्यात मला लाज नाही. तो पडदा काही शोभेसाठी लावलेला नसतो. पण तक्ता स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मामा उठून माझ्या मागे येऊन उभे होते.

“तीन,” त्यांनी जाहीर केले.

यापुढे शत्रूचे मांत्रिकही हीच स्पेल तुमच्या फुफ्फुसांवर वापरतील, असे मी बजावले. तात्पुरत्या निर्णयाचा दाखला होऊ शकत नाही, असे मामा म्हणाले. भाच्याचे तिकडे लक्षच नव्हते. मृताच्या खिशात काय सापडते, हे त्याला हवे होते.

“भाषणाची दोन पाने,” मी म्हणालो, “भिजलेली.”