नो इंटरनेट, सिक्युअर्ड

लॅपटॉपचं नेट गेलं की घरातला प्रत्येक माणूस इंजिनिअर होतो आणि घरात जो खरोखरचा इंजिनिअर असतो त्याला कुणी विचारत नाही. मी पुण्याच्या कंपनीचं काम जुळे सोलापुरात बसून करतो. राऊटर खाली हॉलमध्ये टीव्हीच्या मागं, माझी खोली गच्चीवर, मधे स्लॅब आणि जिन्याच्या तोंडाशी आईचं लोखंडी कपाट. पाच गिगाहर्ट्झवाल्या सिग्नलला स्पीड भारी पण स्लॅब बघितला की तो खालीच बसतो, २.४ वाला वरपर्यंत येतो, पण त्याच्यावर गल्लीतले सगळे राऊटर एकदमच बोलत असतात त्यामुळं येतो तो दमूनच. म्हणून मग भिंतीवरनं वर घेऊन, गच्चीवरनं आडवी, अशी लॅनची केबल ओढून घेतली होती.

आणि तरीपण रोज सकाळी मीटिंग सुरू झाली की नेट गायब. कोपऱ्यात तो पृथ्वीचा गोळा आणि "नो इंटरनेट, सिक्युअर्ड". म्हणजे खात्यात दमडी नाही पण लॉकर एकदम मजबूत!

विंडोजचा ट्रबलशूटर हा एक वेगळाच प्राणी आहे. बराच वेळ शोधल्यासारखं करतो आणि शेवटी म्हणतो, कॉम्प्युटरला इथरनेट केबल लावा. अरे बाबा लावलीय की! एअरप्लेन मोड चालू-बंद करून बघितला (विमानाची इतकी वर्षं वाट बघितलेल्या गावात हे बटण प्रत्येक लॅपटॉपवर आहे हे एक विशेषच). मित्राला फोन केला तर तो म्हणाला, "बे, फॉरमॅट मार की." त्याचं सगळ्या रोगांवर एकच औषध. शेजारचे काका येऊन राऊटरचे अँटेने पूर्वेकडं वळवून गेले, का ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कस्टमर केअरचं म्हणाल तर राऊटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करा, हे ते इतक्या प्रेमानं सांगतात की नाही म्हणवत नाही. माणूस पाठवतो म्हणाले. तो पोरगा आला भर दुपारी, घामाघूम, आणि तो आला तेव्हा नेट एकदम टकाटक. "चालू हाय की सर." सही घेतली, पाणी पिला, गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच.

शेवटी मीच नीट बसलो. वायफायवरनं राऊटरला म्हणजे १९२.१६८.१.१ ला पिंग मारलं, म्हणजे 'आहेस का रे?' अशी हाक मारली, उत्तर आलं. ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला मारलं, तिथनंही आलं, म्हणजे राऊटर आणि बाहेरची लाईन दोन्ही निर्दोष. मग केबलचं बघितलं तर लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होणारा. हा पत्ता राऊटर देत नसतो, राऊटरकडनं काहीच येईना म्हटल्यावर लॅपटॉप आपल्याच मनानं घेऊन बसतो. आणि थोड्या वेळानं तीच केबल परत जिवंत, परत मेली, परत जिवंत. केबल दिसली की विंडोज वायफाय सोडून तिच्याकडं पळतं, ती गेली की परत वायफायकडं, आणि या पळापळीत मीटिंगमधे माझं तोंड अर्धं उघडं अडकलेलं.

पण दुपारी बरी कशी होते? दुपारी चालायची खरी, पण स्पीड शंभर एमबीपीएसच दाखवायची. गिगाबिटला म्हणजे हजारला आतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच पुरतात, म्हणजे आत कुठंतरी तार तुटलीय हे नक्की.

सकाळी मीटिंग सोडून गच्चीवर गेलो तर केबलवर चादर. ओली. डबलबेडची सोलापुरी चादर, तिचं वजन ज्यानं पिळलीय त्यालाच माहीत. केबल खाली लोंबून जॅकपाशी ताणलेली, उन्हानं तिच्या वरच्या प्लॅस्टिकला भेगा पडलेल्या. मे महिन्यात इथं चादर वाळायला वेळ लागत नाही, ती वाळून हलकी झाली की ताण जायचा, आतली तार तारेला टेकायची आणि नेट यायचं. नेमकं तो पोरगा यायच्या वेळेला.

आईला विचारलं तर म्हणाली, "वायर रिकामीच होती की रे. तुझं नेट आतनं जातंय ना, मी तर वरनं टाकलेय."

यावर मला आजपण उत्तर सापडलेलं नाही.

मग उन्हात टिकणारी काळी केबल आणली, त्याच पोरानं गच्चीवरच बसून टोकं लावली. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा असं पुटपुटत आठ तारा बोटांत चपट्या करून, एका रेषेत कापून, जॅकमधे सरकवून कटकन दाबायचं, बघण्यासारखं काम असतं ते. केबलला हात लागायला नको म्हणून सगळी जाड पाईपातनं घेतली, पाईपाला दोन्हीकडं क्लॅम्प मारले. लॅपटॉपवर पूर्ण एक गिगाबिट.

आईनं वर येऊन पाईप हातानं दाबून बघितला. "हे बरं केलास," म्हणाली, "याच्यावर दोन बसतेत बघ."