बातम्या एफएमवर आणा, पण मिडियम वेव्ह बंद करू नका

सकाळी सात पाचला आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या आधी बाबा पडवीतला एलईडी बल्ब बंद करतात, मोबाईलचा चार्जर काढून ठेवतात. नाहीतर बातम्यांवर नुसती घरघर. मग रेडिओ खिडकीत ठेवून जरा या अंगाला, जरा त्या अंगाला फिरवायचा. एका दिशेला आवाज बरोबर मोकळा होतो. रत्नागिरी केंद्र पटकन लागावं म्हणून आईने मिडियम वेव्हवर, म्हणजे रेडिओच्या जुन्या, लांब लहरींच्या पट्ट्यावर, ११४३ किलोहर्ट्झच्या आकड्यापाशी लावलेला नेलपॉलिशचा ठिपका अजून आहे.

हे सगळं बघितलंय, म्हणून बातम्या आणि चर्चा एफएमवर याव्यात असं कोणी म्हटलं की मला पटतं. शहरातल्या फ्लॅटमध्ये मिडियम वेव्ह ऐकणं कठीणच झालंय. मोबाईलमध्ये मिळालं तर एफएम मिळतं, मिडियम वेव्ह नाहीच. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. त्यांना तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्या, अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, सप्टेंबर २०२३ मध्ये केली होती. तसं होईपर्यंत एफएमवर स्वतःच्या बातम्या देणारं आकाशवाणीशिवाय आहे कोण?

पण आमचं गाव राजापूर तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची, ती साधारण नजरेच्या रेषेत जाते आणि मध्ये डोंगर आला की अडते. २८ एप्रिल २०२३ ला देशात ९१ नवे एफएम ट्रान्समीटर सुरू झाले, शंभर-शंभर वॅटचे. आनंदच आहे. पण शंभर वॅट कोकणातल्या किती वळणांपलीकडे पोचणार?

११४३ ची लहर अडीचशे मीटरहून लांब. ती जमिनीला धरून जाते, टेकडीला वळसा घालते आणि खाऱ्या पाण्यावरून तर आणखी लांब पोचते. किनारा मागे पडून मोबाईलची रेंज गेली, तरी होडीवरच्या साध्या रेडिओला हवामानाचा इशारा मिळू शकतो तो तिच्यामुळे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडाकडे कित्येक दिवस ना वीज होती, ना फोन. अशा वेळी दोन सेलवर चालणारा रेडिओ किती मोठा आधार असतो, ते किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा.

एखाद्या ठिकाणची मिडियम वेव्ह बंद करायचं ठरत असेल, तर आधी एफएमचा साधा रेडिओ घेऊन तिथल्या वाड्यांमधून फिरा. माजघरात लावून बघा, खाली खाडीवर लावून बघा, होडीत बसून बघा. जिथे आवाज येणार नाही, तिथला जुना ट्रान्समीटर चालू राहू द्या.