भिंतीचा घाम

गुहागरला खालचा पाट या वस्तीत आमचं घर आहे आणि त्या घराच्या माजघराची पश्चिमेकडची भिंत हे आमच्या आळीचं हवामान खातं होतं. 'होतं' म्हणतो, कारण ते मी बंद पाडलं. त्यावरून आळीतल्या निम्म्या बायका अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

व्यवस्था अशी होती. मे महिन्यात सकाळी साडेसातच्या सुमारास शेजारच्या माई मागच्या दारानं यायच्या, पदराला हात पुसायच्या आणि भिंतीवर पालथा हात ठेवायच्या. तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. भिंत कोरडी लागली तर बाहेर जाऊन आरोळी, "घाला गो!" की चार घरांच्या अंगणात आंब्याची साटं, फणसपोळ्या आणि आमसुलं एकदम उन्हात. भिंतीला घाम फुटलेला असला तर "आज नको!" मोबाइलमध्ये पाऊस सांगणारी बाई असते, तिच्यावर माईंचा काडीचा विश्वास नव्हता. "ती कधी आल्ये गुहागरास?"

आणि भिंत चुकायची नाही. घरामागे वाडी, वाडीमागे सुरूची झाडं, सुरूमागे समुद्र. वारा पश्चिमेकडून येतो तो रिकाम्या हातानं येत नाही, चिमूट चिमूट मीठ घेऊन येतो आणि आमच्या भिंतीत जिरवतो. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळतं, भिंत घामेजते. हवा सुकली की त्याचे पुन्हा खडे होतात, खडे फुगून जांभ्या दगडाच्या चिऱ्याच्या भोकाभोकांत बसतात आणि आतून रेटा देतात. फुगवटा, पोपडा, पापुद्रा, मग पीठ. याला आमच्याकडे लोणा लागणं म्हणतात. शब्द ऐकून लोणी आठवतं, लोणचं आठवतं. प्रत्यक्षात भिंतीला पांढरी मिशी फुटते आणि रोज सकाळी भिंतीच्या पायथ्याशी अर्धी वाटी तांबडं पीठ पडलेलं असतं. ही ते केराबरोबर भरून टाकायची. एकदा मी हिशेब केला की या वेगानं माझ्या हयातीत आपण अख्खं माजघर सुपात भरून उकिरड्यावर नेऊ.

या घराच्या उताऱ्यावर सव्वीस नावं आहेत. खर्च काढला की त्यातली पंचवीस कुठल्या ना कुठल्या लग्नाला गेलेली असतात. सल्ला मात्र सगळ्यांनी दिला. ठाण्याचा चुलतभाऊ म्हणाला, टाइल्स मार. पुण्याचा भाचा इंजिनिअर आहे (कॉम्प्युटरचा), त्यानं व्हिडिओ कॉलवर भिंत बघून "काका, हे स्ट्रक्चरल आहे" असं सांगितलं आणि रेंज गेली. बाजारातल्या रंगवाल्यानं मला ओल रोखणाऱ्या रंगाचा डबा दिला, वर दहा वर्षांची हमी. डब्यावर आनंदी कुटुंबाचं चित्र होतं. दिवाळीला रंग दिला. होळीपर्यंत त्यावर पोह्याच्या पापडाएवढे फोड आले आणि नातू एकेक फोडत बसला. त्याच्या आयुष्यातली ती सर्वोत्तम सुट्टी. दहा वर्षांची हमी डब्याची होती, असं रंगवाल्याचं नंतरचं म्हणणं.

शेवटी आबा गवंडी आले. वय पंचाहत्तरच्या पुढे, खांद्यावर टॉवेल, हातात फक्त एक हातोडी. त्यांनी भिंतीवर ठिकठिकाणी टकटक केलं, कान लावला. पोकळ आवाज आला तिथे खडूनं फुल्या मारल्या. मग बोटानं पांढरं पीठ खरवडलं आणि जिभेवर ठेवलं.

मी आणि ही, दोघंही बघत राहिलो.

"खारट," आबा म्हणाले. "समुद्राचा हाय. कडवट लागला असता तं गोठ्याचा, जमिनीतला." मग त्यांनी हातोडीनं गिलाव्याचा एक टवका उडवला, तळहातावर घेऊन उजेडात धरला आणि मला दाखवला. करड्या सिमेंटात नखाएवढा शिंपल्याचा तुकडा चमकत होता. शेजारी आणखी एक.

"रेती खयची घेतल्यान होती?"

आता हे सांगायला 1982 सालात जावं लागेल. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. त्या जानेवारीत सिमेंटच्याच प्रकरणावरून राज्याच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला होता, यावरून गोणीची किंमत कळावी. अशा काळात वडिलांनी कुठून तरी बारा गोणी मिळवल्या आणि आजोबांच्या वेळचा चुन्याचा गिलावा खरवडून सबंध घराला सिमेंटचा चढवला. आळी बघायला लोटली होती. आम्हा पोरांना भिंतीला हात लावायची बंदी होती. सिमेंटवर एवढा पैसा गेल्यावर रेतीवर कोण घालवणार? मैलभर पांढरी रेती घरामागे पसरलेली, तीही फुकट. गड्यानं टोपल्या भरभरून आणली. धुवायची असते हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. वडील जाऊन वीस वर्षं झाली, त्यांची काटकसर मात्र भिंतीत शाबूत होती आणि दर पावसाळ्यात पाझरत होती.

"चिऱ्याला श्वास घ्यावा लागतो," आबा म्हणाले. "तुमी त्येला रेनकोट घातलाव. तोही आतून ओला."

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो. वारा खाऊन तो कडक होतो. त्याला भोकं असतात आणि त्या भोकांतून पाणी आत जातं तसं बाहेरही पडतं. चुन्याचा गिलावा त्याला आडकाठी करत नाही. सिमेंट करतं. मग आत अडकलेलं पाणी दुसरीकडे वाट काढतं, जाताना मीठ चिऱ्यात सोडून जातं, आणि गिलावा घट्ट तो घट्टच राहून आतला दगड पिठासारखा होतो. हे सगळं मला आबांनी हातोडीच्या दोन ठोक्यांत शिकवलं. तिसऱ्या ठोक्याला पंधरा फुटांचा गिलावा एका तुकड्यात माझ्या पायावर आला.

तुळशीचं लग्न झाल्यावर काम सुरू झालं. आधी सिमेंट काढलं, मग दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, इंचभर खोल कोरल्या, मग कोरड्या ब्रशनं मीठ झाडलं. कोरड्याच. मी उत्साहानं नळी लावून भिंत धुवायला घेतली होती, तेव्हा आबांनी नळ बंद करून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बँकेत छत्तीस वर्षांत कुठल्याही मॅनेजरनं पाहिलं नव्हतं. धुतलं की मीठ परत आत. ते बाहेर ओढायचं तर भिंतीला लगदा थापायचा. वर्तमानपत्रं भिजवून, कुटून त्याचा लेप द्यायचा. तो सुकताना मीठ शोषून घेतो. वाळला की काढून टाकायचा आणि पुन्हा नवा. तीन महिन्यांची रद्दी मी पाट्यावर वाटली. अग्रलेख लवकर वाटले जातात, लग्नाच्या जाहिराती चिवट असतात. वाळलेल्या लेपावर उलटं 'गोरी, सुस्वरूप' वाचता यायचं.

मीठ किती उतरलं हे बघायला रोज सकाळी चव घ्यायची. आबा खेडवरून येतात, त्यांना उशीर होतो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. आधी बोटानं करायचो. पुढे सवय झाली आणि सरळ भिंतीलाच जीभ लावू लागलो, वेळ वाचतो. एका रविवारी मी खिडकीशेजारच्या चौथ्या थराची चव घेत असताना मागून आवाज आला, "एक्स्क्यूज मी, इथे रूम मिळेल का?" कोल्हापूरचं कुटुंब होतं, चौघं. मी वळून "मिळेल, जरा थांबा, एवढा एक चिरा चाखतो" म्हणालो. ते थांबले नाहीत. अंगणातून मुलीचा प्रश्न तेवढा ऐकू आला, "पप्पा, ते आजोबा भिंत का चाटत होते?" पप्पांचं उत्तर लांब गेल्यामुळे कळलं नाही.

चुन्याची कथा वेगळीच. चुना लावण्यावरचा विनोद आमच्या फॅमिली ग्रुपवर सात जणांनी स्वतंत्रपणे केला, त्यामुळे मी करत नाही. आबांना पिशवीतली भुकटी चालत नव्हती. कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे पाहिजेत, तेही घरी विरवलेले. पूर्वी म्हणे खाडीच्या काठावर शिंपले भाजूनच चुना करायचे. म्हणजे आमच्या गिलाव्यात शिंपला होताच, फक्त भाजलेला नव्हता. अंगणात खड्डा खणला, पाणी भरलं आणि त्यात कळ्या सोडल्या. पाण्यात चुना घालायचा, चुन्यावर पाणी कधीच नाही, हे आबांनी तीनदा बजावलं होतं. क्षणभर काही झालं नाही. मग खड्ड्यातून भाताच्या आधणासारखा आवाज, वाफ, उकळ्या. डोळ्यांत उडू नये म्हणून मी नातवाचा पोहण्याचा निळा चष्मा लावला होता, त्यावर डॉल्फिन होते. ही खिडकीतून म्हणाली, "फोटो काढू का ग्रुपला?"

चुना महिनाभर पाण्याखाली मुरला, लोण्यासारखा झाला. त्यात धुतलेली नदीची रेती, गुळाचं पाणी, हिरड्याचा काढा. घरच्या काकूंनी डब्यातला गूळ द्यायला साफ नकार दिला. "भिंतीस गूळ आणि मला डॉक्टरांनी बंद केलेला?" शेवटी बाजारातून वेगळा आणावा लागला. पहिला हात दिला त्या रात्री मुंग्यांची रांग लागली, ती पार स्वयंपाकघरातून. काकू सकाळी कौतुकानं बघत बसल्या. आपल्या मताला इतका पाठिंबा त्यांना आजवर कुणी दिला नव्हता.

मी मध्येच ज्ञान पाजळलं. मुरूडच्या समुद्रात पद्मदुर्ग आहे, तिथे तटाचे काळे दगड खाऱ्या वाऱ्यानं वाटीसारखे झिजलेत आणि मधला चुना जाळीसारखा पुढे उभा आहे. "चुना म्हणजे असा पाहिजे, आबा!" आबांनी थापी थांबवली. "तो किल्ला. तुमचं घर. दर्ज खाल्लीन तं परत भरता येते. चिरा खाल्लान तं काय भरताव? चुना मऊ पायजे, त्यानं आधी मरायचं." माझं पद्मदुर्गावरचं उरलेलं भाषण मी मनातच पूर्ण केलं.

अर्धी भिंत झाली आणि शिमगा आला. शिमग्याला कोकणातला गवंडी गवंडी राहत नाही, पालखीचा भोई होतो. आबा पंधरा दिवस गेले. जाताना बजावून गेले की ओला गिलावा एकदम सुकता कामा नये, गोणपाट भिजवून टांगायचे आणि दिवसातून चारदा शिंपडायचं. पंधरा दिवस मी घड्याळ लावून भिंतीला पाणी घातलं. आधी हीच भिंत कोरडी करायला रद्दी वाटत होतो, हे मी कुणाला समजावून सांगायच्या फंदात पडलो नाही. आजोबांच्या फोटोचा खिळाही तेव्हाच बदलला. जुना गंजून चौपट फुगला होता आणि त्यानं अख्ख्या चिऱ्याला उभी भेग पाडली होती. आता स्टेनलेस स्टीलचा आहे. आजोबा प्रथमच सरळ दिसतात आणि त्यामुळे थोडे रागावलेले वाटतात.

एप्रिलअखेर पांढरा हात फिरला. भिंत अशी झाली की मी रात्री उठून बॅटरी मारून बघायचो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसातला माई आल्या, पदराला हात पुसला, पालथा हात ठेवला. कोरडी, खडखडीत. बाहेर आरोळी गेली, "घाला गो!" चार अंगणं भरली. माईंनी एकट्यानं अकरा ताटं साटं घातली होती, हापूसची. साडेतीनला आकाश काळं झालं. चार वाजता कौलांवर जे सुरू झालं ते सहापर्यंत थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीभर आंबे घेऊन त्यांच्याकडे गेलो. माईंनी घेतले, पण बसा म्हणाल्या नाहीत. "चांगली बोलकी भिंत होती," एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी माजघरात खुडबुड ऐकू आली. शिसवी कपाट आहे तिथे, पणजोबांच्या वेळचं. ते चौघांना हललं नव्हतं, म्हणून आबांनी त्याच्यामागची भिंत तशीच ठेवली होती, 1982 सालची. कपाट आणि भिंतीच्या फटीत माईंचा उजवा हात कोपरापर्यंत गेला होता, गाल कपाटाच्या दाराला टेकला होता, डोळे मिटलेले. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी डाव्या हातानं मला गप्प केलं. मग हात बाहेर काढला, ओली बोटं पदराला पुसली आणि माझ्याकडे न बघता मागच्या दाराशी गेल्या.

"आज नको गो!"