फलकावरची नावं

‘तुमचं कसं जमलं?’ असं कुणी विचारलं की आमच्याकडे नवरा खुलतो. इंग्लंडमधल्या मित्रमंडळींना तो रंगवून सांगतो: नोंदणी विवाहाचा अर्ज दिला, कार्यालयातल्या फलकावर आमची नावं महिनाभर लागली, आणि तिथं कुणी ओळखीचं फिरकतंय का ते बघायला हा रोज चक्कर मारायचा. सगळे हसतात, मीही हसते. पण तो महिना मी भीतीत काढला. त्याच्या घरी कळलं असतं तर आरडाओरडा झाला असता. माझ्या घरी कळलं असतं तर मला मामाकडे धाडून तिथंच उजवून टाकलं असतं. तीस-पस्तीस वर्षांनी त्याच्या वाट्याला गंमत उरली आहे, माझ्या वाट्याला अजून थोडी धडधड.

त्यामुळे प्रेमविवाहाला आईवडिलांची संमती सक्तीची करा, ही मागणी मी थंडपणे ऐकू शकत नाही. २०२३ मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांनीही तिचा अभ्यास करू म्हटलं होतं. उत्तराखंडात २०२५ पासून लिव्ह-इनचीही नोंदणी लागते, आणि दोघांपैकी कुणी एकविशीच्या आतलं असलं तर पालकांना कळवलं जातं.

आम्ही राहतो त्या इंग्लंडमध्ये सगळं मोकळं आहे असंही नाही. इथंही लग्नाआधी २८ दिवस नोटीस लागते, तीही लोकांना बघता येते. आपल्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवस. फरक दोनच दिवसांचा. पण इथली नोटीस वाचून मुलीच्या बापाला फोन करणं कुणाला आपलं कर्तव्य वाटत नाही. (परदेशस्थांनी फार ताठ होऊ नये. २०१४ मध्ये इथं जबरदस्तीचं लग्न गुन्हा ठरलं, ते बऱ्याच अंशी आपल्यासारख्याच स्थलांतरित घरांमुळे.)

मुली फसवल्या जातात, हा मुद्दा खोटा नाही. पण वय, आधीचं लग्न, निषिद्ध नातं हे अधिकाऱ्याला कागदांवरून तपासता येतं. त्यासाठी गावाला नावं दाखवायची गरज काय? अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्यावरच सोडलं. तेच देशभर व्हावं.

नवरा म्हणतो, ‘तुझे बाबा शेवटी विरघळलेच ना!’ विरघळले, नातीला मांडीवर घेतल्यावर. लग्नाआधी त्यांची सही लागली असती, तर ती नात कुठून आली असती?