पूल होईल भावजी, आधी लाँचचं बघा

आमच्या गणातून पंचायत समितीला उभे असलेले उमेदवार परवा वाडीत येऊन गेले. सासरच्या भावकीतलेच आहेत, नात्याने माझे थोरले दीर. मी त्यांना भावजी म्हणते. त्यांचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. माणूस चांगला आहे, अडीनडीला धावून येतो, आणि म्हणूनच हे लिहायला बसले. समोर बोलायचं तर चार वडीलधारी माणसं बसलेली होती, निम्मं तोंडातच राहिलं असतं.

त्यांनी वाटलेल्या छापील कागदावर सगळ्यात वर पूल आहे. मग पर्यटन. मग मोबाईलचा टॉवर, देवळापुढे सभामंडप, अंतर्गत रस्ते. अगदी तळाला एक ओळ आहे, "आरोग्य व शिक्षणासाठी सदैव प्रयत्नशील". मी तो कागद दोनदा वाचला. लाँच, म्हणजे आम्हाला कोयनेच्या जलाशयापलीकडे नेणारी मोटारबोट, हा शब्द त्यात कुठेच नाही.

ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. दर पावसाळ्यात तुम्ही पेपरात वाचता, कोयना किती भरली, किती टीएमसी झालं, दरवाजे किती फुटांनी उचलले. 105.25 टीएमसी ही धरणाची पूर्ण साठवण. तो आकडा वाढत जातो तेव्हा ते पाणी आमच्या अंगणाखालच्या उतारावर एकेक बांध चढत येतं. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कोयना हेळवाकजवळ अडवली आणि साठच्या दशकात मागं जावळी, महाबळेश्वर, पाटणच्या दऱ्याखोऱ्यांत पाणी पसरलं. त्यालाच शिवसागर म्हणतात. खालच्या गावातली माणसं कुठं कुठं गेली, सांगली, सोलापूर, रायगडपर्यंत. पण ज्यांची थोडीफार रानं वर डोंगराच्या अंगाला होती, ती माणसं वरच सरकली. माझं सासर त्यातलं. माहेर बामणोलीच्या बाजूला, पाण्याच्या अल्याड, आणि सासर पल्याड कांदाटी खोऱ्यात. पाठीशी सह्याद्रीचा कडा, त्याच्या खाली कोकण, दोन्ही बाजूंना जंगल आणि पुढ्यात पाणी. बेट म्हणायला अजून काय लागतं?

माझे सासरे तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठावर उभे राहून अजून दाखवतात, "ती बघ जोती दिसत्यात, तिथं चावडी व्हती." धरणाला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. कोयनेच्या विजेवर महाराष्ट्र उभा राहिला, 1960 मेगावॉटचा प्रकल्प आहे हा, याचा त्यांना मनापासून अभिमान आहे. फक्त त्या पाण्यावरून पलीकडे जायची धड सोय आपल्या हयातीत व्हावी एवढंच त्यांचं मागणं आहे.

आणि ती सोय म्हणजे लाँच. आमच्याकडे बाजारहाट लाँचनं होतो. गॅसची टाकी, खताची गोणी, लग्नाचं वऱ्हाड, शाळेचे गुरुजी, मुंबईहून आलेले चाकरमानी, सगळे लाँचनं येतात. मे महिन्यात आम्ही पावसाची बेगमी करतो, तांदूळ, डाळ, मीठ, सुकी मासळी, गोळ्या-औषधं, तीही लाँचनंच. आषाढात धुकं उतरलं आणि वारं सुटलं की दोन-दोन दिवस पाण्यावर कोणी नाव घालत नाही. ते आम्हाला मान्य आहे, निसर्गाशी भांडता येत नाही. पण बाकीचे नऊ-दहा महिने लाँच किती वाजता सुटणार, शेवटची फेरी किती वाजता, चालक आजारी पडला तर दुसरा कोण, डिझेल आहे का, हे सगळं तोंडी चालतं. एसटी स्टँडवर फळा असतो. आमच्या धक्क्यावर तसा एक फळा लावायला काय हरकत आहे?

त्याहून मोठा प्रश्न उन्हाळ्याचा. एप्रिल-मेमध्ये जलाशय उतरतो आणि काठ लांब लांब पळतो. ऑक्टोबरमध्ये जिथं लाँच पायरीला लागते, तिथून मेमध्ये पाणी इतकं खाली गेलेलं असतं की मधे नुसता गाळ. त्या गाळातून बायाबापड्या चपला हातात घेऊन, डोक्यावर बोचकं घेऊन चालतात.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका रात्री अकराच्या सुमाराला सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. घाम सुटला, हात बधिर झाला. 108 ला फोन लावायचा तर रेंजसाठी वरच्या टेकावर पळावं लागलं. गाडी पलीकडे धक्क्यापर्यंत येईल, पण तिथवर यांना न्यायचं कसं? शेजारच्या भोयांनी मासेमारीची होडी काढली, मशीन लावलं, स्वतःचं डिझेल घातलं. आमच्या बाजूला गाळ, पलीकडच्या धक्क्याच्या बाजूलाही गाळ. घोंगडीची झोळी करून चौघांनी त्यांना उचललं, गुडघाभर चिखलात एक पाय काढायचा, दुसरा घालायचा, आणि मी पुढं बॅटरी धरून. माझा हात थरथरत होता, उजेड सारखा हलायचा आणि पोरं ओरडायची, "वहिनी, खाली धर, खाली!" साताऱ्यात पोचलो तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. सासरे वाचले. होडीवाल्यानं पैशाला हात लावला नाही. सासऱ्यांची एक चप्पल त्या गाळात राहिली, दुसरी सासूबाईंनी अजून पडवीत अडकवून ठेवली आहे.

सासरे वाचले म्हणून मी हे लिहू शकते. ज्यांची माणसं त्या पाण्यातच राहिली ती लिहीत नाहीत, त्यांच्याकडे बघून कळतं.

आता पुलाचं. माझा पुलाला विरोध अजिबात नाही. तापोळा आणि अहीरच्या मधला मोठा पूल हा या खोऱ्याचा हक्कच आहे. पण तो राज्य सरकारच्या पैशानं, राज्याच्या खात्यानं करायचा विषय आहे. इथल्याच दरे गावचे एकनाथ शिंदे 2022 ला मुख्यमंत्री झाल्यावर आमच्या खोऱ्याचं नाव टीव्हीवर आलं, त्यातून अशी मोठी कामं पुढं सरकली, याचा आनंद आहे. पण पंचायत समितीच्या सदस्याच्या सहीनं पूल होत नाही. जलाशय जलसंपदा खात्याचा, जंगल वनखात्याचं. मग गण-गटाच्या, म्हणजे पंचायत समिती-जिल्हा परिषदेच्या, सदस्याकडे काय उरतं? प्राथमिक शाळा, आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी, गावरस्ते, आणि जिल्हा परिषदेच्या लाँच. म्हणजे नेमकं तेच, जे भावजींच्या कागदावर तळाच्या ओळीत कोंबलंय किंवा अजिबात नाही.

शिवाय पूल एका ठिकाणी होणार. आमच्यासारख्या वाड्या काठाकाठानं पसरलेल्या आहेत. पुलापर्यंत जायलाही डोंगराला वळसा तरी घाला नाहीतर लाँच तरी पकडा. पूल झाल्यावर लाँच बंद करायची भाषा कोणी काढली तर आमची गत आणखी वाईट होईल.

मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांची मुदत संपली आणि प्रशासक आले. विचारायला आपला असा हक्काचा माणूस राहिला नाही. म्हणून या निवडणुकीकडे मी एवढ्या आशेनं बघते.

आणि शाळा. खिरखंडीच्या मुली आठवतात का? जावळी तालुक्यातलं ते गाव. तिथल्या पोरी स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडायच्या, पुढं जंगलातून पायी अंधारीच्या शाळेला जायच्या. ते छापून आलं आणि 2022 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. मला तेव्हा अभिमानही वाटला आणि लाजही वाटली. अभिमान पोरींचा. लाज याची, की शाळेला जाणारं लेकरू वल्ही मारतंय हे आम्हा सगळ्यांना वर्षानुवर्षं दिसत होतं आणि आम्ही त्याला शिकायची जिद्द म्हणत होतो. मीही म्हणत होते. माझी नणंद सातवीनंतर घरी बसली, ती काही हुशारीत कमी नव्हती. पाण्यापलीकडे रोज कोण पोचवणार, एवढ्या एका वाक्यावर तिची शाळा संपली.

2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची कल्पना निघाली. इतर ठिकाणी त्याचं काय व्हायचं ते होवो. आमच्याकडे वाडीतली शाळा गेली तर पाच-सहा वर्षांच्या पोरांना लाँचमध्ये बसवावं लागेल. त्यामुळे भावजी, आमच्या खोऱ्यातली एकही शाळा पटाच्या कारणानं बंद होऊ देणार नाही, आणि मोठ्या मुलींसाठी शाळेच्या वेळेला धरून लाँच सोडायला लावीन, एवढं लेखी द्या. सभामंडप नंतर बांधू. देव थांबेल.

पर्यटनावर तुम्ही बराच वेळ बोललात. वासोटा किल्ल्यावर जाणारी पोरं, मुनावळ्याचं 2024 ला सुरू झालेलं जलपर्यटन, नवीन महाबळेश्वरचा प्रकल्प. त्यातून चार पैसे येतात, हे मी नाकारत नाही. बामणोलीला बोटींवर कितीतरी घरं चालतात, माझ्या माहेरचा चुलतभाऊ त्यातलाच. पण शनिवार-रविवारी लाइफ जॅकेट घातलेल्या पर्यटकांना घेऊन बोटी दिवसभर फिरतात आणि आमच्या म्हातारीला डोळ्याच्या दवाखान्यात जायला सोमवारची वाट बघावी लागते, हे चित्र मला बघवत नाही. आमच्या लाँचमध्ये प्रत्येकाला जॅकेट मिळालं पाहिजे. पर्यटकाचा जीव आणि आमचा जीव एकाच पाण्यावर असतो.

जमिनीचंही एक वाक्य त्या कागदात हवं होतं. 2024 मध्ये झाडाणी गावच्या जमीनखरेदीचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा खोऱ्यातल्या जमिनी कशा हातोहात जातात ते सगळ्यांनी वाचलं. रस्ता यायच्या आधी दलाल येतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. जो म्हातारा मुंबईतल्या पोराच्या खोलीसाठी डोंगरातली दोन एकरं विकतो त्याला मी दोष देत नाही, त्याला विचारणारं कोणी नसतं. ग्रामसभेत हा विषय दर वेळी घ्या. गाळपेराची, म्हणजे पाणी उतरल्यावर उघडी पडणारी, जमीन कसायला द्यायची तेव्हा काठावरच्या माणसाचा हक्क आधी, हेही तिथंच ठरवून वर कळवा. गवे आणि डुकरं भात-नाचणीचा फडशा पाडतात, पंचनाम्याला माणूस यायलाही पाणी ओलांडायचंच असतं. सगळं फिरून लाँचवरच येतं.

तर माझं मागणं असं आहे. पाण्याबरोबर खालीवर होणारा तरंगता धक्का, निदान मोठ्या चार-पाच गावांना. लेखी वेळापत्रक. रात्रीसाठी एक बोट कायम डिझेल भरून, चालकासह, आणि तिच्यावर स्ट्रेचर. उपकेंद्रात मुक्कामी राहणारी सिस्टर, तिला राहायला गळणार नाही अशी खोली. टॉवरही हवाच, कारण बोट असून बोलावता आली नाही तर काय उपयोग? यातल्या कशालाही पुलाएवढा पैसा लागत नाही. लागतो तो मागे लागणारा माणूस. भावजी, तुम्ही मागे लागणारे आहात, मी तुम्हाला रेशनच्या धान्यासाठी तहसीलला चार-चार खेपा घालताना पाहिलंय.

तुमची पुढची सभा तापोळ्यात आहे असं कळलं. तिथं सगळे सहज पोचतात, मान्य. पण एक सभा आमच्या तीरावर घ्या, संध्याकाळी पाचनंतर. गाडी पलीकडे ठेवा, कार्यकर्त्यांना घेऊन लाँचनं या आणि रात्रीचा मुक्काम आमच्याकडे करा. सकाळी धक्क्यावर आमच्याबरोबर लाँचची वाट बघा. किती जण येणार ते आधी कळवा म्हणजे झालं, सासूबाई विचारत होत्या भाकरी किती टाकायच्या.