कराटे क्लबातला पस्तिसावा

‘फक्त फॉरमॅट बदलायचाय, दहा मिनिटांचं काम,’ असं मी म्हणालो आणि तिथेच माझी साडेसाती सुरू झाली.

डेटा अगदीच साधा. वेन झॅकरी या संशोधकाने १९७७ मध्ये मांडलेलं एका कराटे क्लबातल्या मैत्रीचं जाळं: सदस्य ३४, नाती ७८. प्रशिक्षक आणि व्यवस्थापक यांचं बिनसलं, क्लब फुटला, एवढीच गोष्ट. माझ्याकडे नाती एका एज लिस्टमध्ये (कोण कुणाशी जोडलेला याची यादी), सदस्यांची माहिती दुसऱ्या फाइलीत, कोण कुठल्या गटाचा हे तिसऱ्या. तिन्ही नेटवर्कएक्स या पायथन भाषेतल्या साधनात एकत्र करायच्या, त्यातून ग्राफएमएल ही जाळ्याची फाइल काढायची, ती गेफी या चित्र काढणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडायची. झालं.

पहिल्या दोन फाइली जोडताच सदस्य निघाले ६८.

डोळे चोळून पुन्हा मोजले. ६८च. एज लिस्ट वाचताना वेगळं सांगितलं नाही, तर नेटवर्कएक्स आकड्यांनाही मजकूरच समजतं. म्हणजे अवतरणचिन्हांतला ‘७’ वेगळा आणि उघडाबोडका ७ वेगळा. निम्म्यांना मित्र होते, पण नाव-गाव नाही. निम्म्यांची माहिती साग्रसंगीत, पण त्यांना जगात कुणी विचारत नव्हतं. (हे दुसरे मला जरा ओळखीचे वाटले.)

नोडटाइप ‘इंट’ केला, म्हणजे सदस्यांची नावं आकडेच समज असं सांगितलं, आणि गटांची फाइलही जोडली. आता ३५.

हा एक जास्तीचा कोण? शोधता शोधता सापडला: क्रमांक शून्य. गटांची यादी आयग्राफ या तशाच दुसऱ्या साधनाच्या पायथन आवृत्तीतून आली होती, आणि तिथे मोजणी शून्यापासून. बाकीच्या फाइली एकपासून मोजणाऱ्या. त्यामुळे प्रत्येकाच्या गळ्यात पुढच्याचा गट पडला होता. कमाल म्हणजे ३४ क्रमांकाचे व्यवस्थापक, ज्यांच्यावरून एवढं रामायण झालं, तेच बिनगटाचे!

ही चूक कळण्याआधीच मी ग्राफएमएल लिहायला घेतलं होतं, ते वेगळंच. रिकाम्या गटाच्या जागी पायथनचं ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, बसलं होतं. ग्राफएमएलला ‘नन’ चालत नाही. तासभर नन्नाचा पाढा ऐकला.

शेवटी गटांच्या फाइलीत सगळीकडे एक मिळवला. सदस्य ३४, नाती ७८. गेफीत चित्र उमटलं तेव्हा खिडकीबाहेर उजाडत होतं.

सहकाऱ्याला अभिमानाने दाखवलं. तो म्हणाला, “अरे, हा क्लब नेटवर्कएक्समध्ये आधीपासूनच आहे की! एका ओळीत येतो.”

मी ती ओळ चालवली. आला. क्रमांक शून्यापासून.