पाहुणे येणारेत, नवीन चादर काढा

परवा सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी परत तो फॉरवर्ड टाकला, २०३० चं कॉमनवेल्थ अहमदाबादला मिळालं, आता २०३६ चं ऑलिम्पिकपण आपलंच, खाली तिरंगे आणि हात जोडलेले इमोजी. मी फक्त एवढंच लिहिलं, "आणि बाथरूमचं काय?" बास. त्यावर जे काही ऐकून घ्यावं लागलं ते विचारू नका, तुम्हाला चांगलं काही बघवतच नाही इथपासून ते मेंटेनन्स वेळेवर भरा आधी इथपर्यंत. (भरतो हो. एकदाच राहिला होता.) म्हणून ही पोस्ट. मोठी आहे, चहा घेऊन बसा.

बाथरूम मी उगाच नाही म्हणालो. २०१० ला दिल्लीत कॉमनवेल्थ झालं होतं, त्या सप्टेंबरमधले तिथल्या गेम्स व्हिलेजचे फोटो आठवतायत का कोणाला? यमुनेच्या काठावर, अक्षरधामच्या शेजारी, खेळाडूंसाठी बांधलेले फ्लॅट, स्पर्धा ३ ऑक्टोबरला सुरू होणार आणि दहा-बारा दिवस आधी फोटो आले, घाण तुंबलेली बाथरूम, भिंतींवर डाग, आणि तो एक फोटो जो मी मरेपर्यंत विसरणार नाही, पलंगावरच्या गादीवर कुत्र्याच्या पंजांचे मातकट ठसे. म्हणजे कुत्रं आलं, गादीवर चढलं, बहुतेक एक झोप काढली, आणि गेलं. स्कॉटलंड, कॅनडा, न्यूझीलंड वगैरे टीम यायला तयार होईनात. त्यावर आयोजन समितीच्या सेक्रेटरीसाहेबांनी दिलेलं स्पष्टीकरण असं, की परदेशी लोकांच्या स्वच्छतेच्या कल्पना वेगळ्या आणि आपल्या वेगळ्या. अहो कोणाच्या आपल्या? माझी आई पायपुसणं दिवसाआड धुते.

त्याच आठवड्यात, २१ सप्टेंबरला, जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा नवाकोरा पादचारी पूल बांधता बांधता पडला. वीसेक मजूर जखमी झाले, काही गंभीर. लगेच दुसऱ्या दिवशी वेटलिफ्टिंगच्या हॉलमधल्या फॉल्स सीलिंगचा तुकडा खाली आला. पूल पडल्यावर दिल्लीच्या मुख्यमंत्री शीला दीक्षित काय म्हणाल्या, तर हा पूल खेळाडूंसाठी नव्हताच, साध्या प्रेक्षकांसाठी होता. मला गादीवरच्या कुत्र्यापेक्षा हे वाक्य जास्त लागलं, अजूनही लागतं. साधे प्रेक्षक म्हणजे कोण, तर आपण. आणि खाली जे सापडले ते तर साधे प्रेक्षकपण नव्हते, त्यांना मोजायलाच कोणी तयार नाही. नंतर लष्कराला बोलावलं आणि जवानांनी तिथे बेली ब्रिज (तयार लोखंडी भाग जोडून करतात तो पूल) उभा करून दिला, आठवड्याच्या आत!! म्हणजे येत होतं की बांधता.

आता लोक म्हणतात आपल्याकडे सगळं उशिराच होतं, आपला स्वभावच तो. त्यावेळचे क्रीडामंत्री एम. एस. गिल तर म्हणाले होते की पंजाबी लग्नासारखं असतं हे, शेवटच्या क्षणापर्यंत गोंधळ आणि मग सगळं झकास पार पडतं. ऐकायला गोड आहे. पण ज्याने घरात एक तरी लग्न केलंय त्याला विचारा शेवटच्या क्षणी काय होतं. मुहूर्त उद्यावर आला की मंडपवाला म्हणेल तो रेट, केटरर म्हणेल तेवढी पानं, आणि कोणाकडे बिल मागायची सोय नाही कारण वरात दारात आलेली. तीन ठिकाणी कोटेशन मागवायला तुम्हाला वेळ कुठे असतो? बरोब्बर हेच दिल्लीत झालं, फक्त हजारो कोटींमध्ये. यजमानपद मिळालं नोव्हेंबर २००३ मध्ये, जमैकात, आणि ते मिळावं म्हणून ७२ सदस्य देशांना प्रत्येकी एक लाख डॉलर द्यायचं आपण कबूल केलेलं. तिथे घाई बघा कशी. मग सात वर्षं हातात असताना पहिली काही वर्षं समित्या नेमण्यात आणि कोण कोणाच्या वर ह्या भांडणात घालवली, आणि शेवटी वेळ नाही वेळ नाही करत टेंडरचे नियम बाजूला ठेवून खरेदी. कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्यांच्या, २०११ च्या रिपोर्टमध्ये हे सगळं आहे, एकूण खर्चाचा आकडा आहे १८,५३२ कोटी. त्यामुळे उशीर हा स्वभाव बिभाव काही नाही, उशीर हा धंदा आहे. वेळेत काम केलं तर भाव विचारावा लागतो.

ह्यात आपल्याला पुणेकर म्हणून मान खाली घालावी लागते ते वेगळंच. आयोजन समितीचे अध्यक्ष आपलेच तेव्हाचे खासदार सुरेश कलमाडी, एप्रिल २०११ मध्ये अटक झाली, केस वर्षानुवर्षं चालली आणि एप्रिल २०२५ मध्ये ईडीचा मनी लाँडरिंगचा क्लोजर रिपोर्ट कोर्टाने स्वीकारला, तो विषय संपला. कोर्टाने स्वीकारलं, आपणही स्वीकारू. पण माझं म्हणणं वेगळंय. पंधरा वर्षं आपण कोणी किती खाल्ले एवढंच बोललो, आणि पुढच्या वेळी नळाला पाणी येणार का, हे विचारायचंच राहिलं.

हो, स्पर्धा पार पडली. १०१ मेडल, ३८ गोल्ड, ऑस्ट्रेलियानंतर दुसरा नंबर, सगळं मान्य. पुण्याच्या अनिसा सय्यद आणि कोल्हापूरच्या राही सरनोबत ह्यांनी पिस्तूलमध्ये गोल्ड आणलं. आणि कविता राऊत! १०,००० मीटर, पंचवीस फेऱ्या, पुढे दोन केनियाच्या बायका आणि मागे आपली सावरपाड्याची पोरगी, आई आणि मी टीव्हीसमोर उभं राहून बघत होतो, शेवटच्या फेरीत आई तिला "पळ गं बाई पळ" असं टीव्हीला हात लावून सांगत होती. ब्राँझ मिळालं. कॉमनवेल्थच्या ट्रॅकवर भारतीय बाईचं पहिलं वैयक्तिक मेडल. नाशिकच्या त्या आदिवासी पाड्यावर लांबून पाणी भरत अनवाणी पळून शिकलेली मुलगी ती. तिच्या मेडलचं क्रेडिट त्या अठरा हजार कोटींना देऊ नका प्लीज, तिचा सराव त्यांच्याशिवायच झालेला.

आणि मला वाटलं होतं एवढी अब्रू गेल्यावर निदान दिल्ली तरी शिकेल. मागच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२५, वर्ल्ड पॅरा ॲथलेटिक्स, तेच नेहरू स्टेडियम, आणि एकाच दिवशी केनियाच्या आणि जपानच्या कोचना मैदानातच भटकी कुत्री चावली. दोघांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. २०१० मध्ये नुसते ठसे होते, पंधरा वर्षांत प्रगती म्हणायची ही. त्याआधी जानेवारी २०२५ ला इंडिया ओपन बॅडमिंटनला डेन्मार्कच्या मिया ब्लिकफेल्टने लिहिलं की हॉल अस्वच्छ आहे, कोर्टवर पक्ष्यांची विष्ठा पडते. त्या हॉलचं नाव माहितीये? के. डी. जाधव. आपले खाशाबा पैलवान, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ ला हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार उभे केले होते, गावाने वर्गणी काढली होती, आणि ह्या माणसाने ब्राँझ आणून दाखवलं. त्याच्या नावाच्या छताखाली आपल्याला पारवे आवरत नाहीत.

दिल्लीला हसायचं कारण नाही म्हणा. २०२१ ला आमच्या बालेवाडीत, जिथे आपण २००८ ला कॉमनवेल्थ युथ गेम्स घेतल्या होत्या, मीटिंगला आलेल्या मंत्र्यांच्या गाड्या थेट धावपट्टीवर उभ्या असल्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत.

आता बाथरूमचं खरं कारण सांगतो. माझी भाची पळते. आठशे मीटर. नाव आणि गाव लिहीत नाही, उगाच तिला त्रास नको. तिकडे तालुक्याला क्रीडा संकुल आहे, मोठी कमान, कोनशिला, त्यावर चार नावं. लेडीज टॉयलेट आहे, टाईल्स आहेत, कमोड आहे, आणि बाहेर गोदरेजचं कुलूप. लग्नसराईत ग्राउंड भाड्याने जातं, मंडपाचे खांब रोवलेले खड्डे दोन-तीन नंबरच्या लेनमध्ये तसेच, त्यात मुरूम टाकून पायाने दाबलेला. दिवाळीत घरी आली होती तेव्हा मी सहज म्हणालो, अगं पळणाऱ्याने पाणी भरपूर प्यायला पाहिजे, तू तर पीतच नाहीस. तर म्हणे, "मामा, प्रॅक्टिस असली की मी दुपारी तीननंतर पाणी बंद करते. तिथे जायला जागा नाही ना." असं सहज, जेवताना, भाकरी मोडत मोडत. पंधरा वर्षांची आहे. तिच्याबरोबर अजून सहा मुली आहेत, सगळ्यांचं हेच.

ग्रुपवर हे मला लिहिता आलं नाही.

गेल्या महिन्यात तिकडे गेलो होतो तेव्हा मुद्दाम संध्याकाळी ग्राउंडवर गेलो. वॉचमन खुर्ची टाकून बसलेला, बिचारा म्हातारा, त्याचा काय दोष. म्हटलं काका, त्या टॉयलेटची चावी आहे का? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, उठून उभे राहिले आणि विचारलं, "साहेब कोणी येणारेत का?"